दाऊदभाईंची फाईल शोधणारी स्क्रिप्ट

जामखेडचे फोटोवाले दाऊदभाई बायकोशी, जरीनाशी, भांडले ते शेजारच्या राहीबाईंनी ऐकलं होतं.

"कॉम्प्युटरवर फोटोच्या फाईलला नाव देताना मधी मोकळी जागा सोडू नको. फोटो शोधणारा माझा छोटा प्रोग्राम, ती स्क्रिप्ट, तिथंच पाथ, म्हंजी फाईलचा पत्ता, तोडती अन् फाईल न्हाई म्हणती."

"मग पाथला अवतरणचिन्हं घाला की. आळस तुमचा, बोलणी मला."

पुढं जरीना वारली. संगमनेरला राहणाऱ्या लेक मेहरीनला आईचा फोटो हवा होता, पण नावात जरीनानं मोकळी जागा सोडलेली, स्क्रिप्टला तो सापडेना. शेवटी दाऊदभाईंनी अवतरणचिन्हं घातली, तेव्हा निघाला. त्या जुन्या फोटोत जरीनाशेजारी दाऊदभाई उभे होते, अंगात मात्र आजच शिवून आलेला, आत्ता घातलेला सदरा.

शेजारी बसून बघणाऱ्या राहीबाईंनी चष्मा दोनदा पुसला. दाऊदभाईंनी फोटो छापून पाकिटात घातला. एसटी स्टँडवरची त्यांची ती शेवटचीच फेरी ठरली. पाकिटावर लेकीचं नाव लिहून त्यांनी ते नेहमीसारखं संगमनेरच्या एसटीत कंडक्टरकडं दिलं.