पोत्यांच्या काट्यावरची नात

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळा बाजार काटेकाका म्हणायचा आणि अर्धा बाजार त्यांना टरकून असायचा. गप्पा मारता मारता त्यांची नजर दुकानदाराच्या काट्याकडे जायची आणि तिथेच अडकायची. एकदा एक वाणी पोत्यांच्या काट्यावर लवंगा तोलताना सापडला, तर काकांनी भर दुकानात त्याची हजेरी घेतली. "अहो, शंभर ग्रॅमच्या खालचं याला कळतच नाही! बहिऱ्याच्या कानात कुजबुजून काय उपयोग?" वाणी बिचारा गिऱ्हाइकांसमोर पार ओशाळला.

असा हा चोख माणूस आजोबा झाला आणि कामातून गेला.

घरात माणसं मोजकीच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जहाजावर नोकरीला, सुट्टी संपवून परत गेलेला. सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं याच सुमारास निघालं. म्हणजे बाळंतीण, तान्ही नात आणि काका, एवढाच कारभार. काकांनी कंबर कसली. स्वयंपाक केला, लंगोट धुतले, शेजाऱ्यांची पर्वा न करता बेसूर अंगाई गायली. पण एक गोष्ट त्यांच्या हातातली नव्हती. बाळाला पाजताना सून ओठ घट्ट दाबून धरायची, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, आणि पाजून झालं तरी बाळाची किरकिर काही थांबायची नाही.

"बाबा, हिचं पोट भरत नसेल का हो?" एक दिवस तिने विचारलं.

आता भरलं की नाही भरलं, हा तर काकांच्या धंद्यातलाच प्रश्न. त्यांना हुरूप आला. त्याच दुपारी ते दुकानातून काटा घेऊन आले. दुकानात काटे खूप होते, पण बाळ गडगडून पडलं तर काय घ्या, म्हणून त्यांनी सगळ्यात रुंद ताटाचा निवडला आणि वर मऊ दुलई अंथरली. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन. आकडा जागचा हलेना. काका चष्मा पुसून पुन्हा बघायचे, तर आकडा तोच. सून खोलीच्या दारात उभी राहून वाट बघायची. "होईल, होईल," काका म्हणायचे, पण ते त्यांचं त्यांनाही पटत नव्हतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मग एका सकाळी सून म्हणाली, "बाबा, पावडरच्या दुधाचा डबा आणा. माझ्या अंगात दूधच नाही."

ती रडली असती तर काकांनी समजूत घातली असती. ती रडली नाही. भिंतीकडे बघत सपाट आवाजात बोलली. नातीची काळजी होतीच, पण त्या क्षणी काकांना सुनेची जास्त वाटली.

औषधाच्या दुकानातून त्यांनी डबा घेतला. तिथून घराकडे वळायचं, तर पाय हॉस्पिटलकडे वळले. तिथले काटे काकाच बघायचे. तळमजल्यावर बोळाच्या टोकाला एक खोली होती, दारावर पाटी 'स्तनपान मदत कक्ष'. इतकी वर्षं या दारावरून ते हत्यारांची पिशवी घेऊन खाली मान घालून गेले होते. आज बाहेरच्या बाकावर, बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन बसले. शेजारची बाई अंग चोरून थोडी सरकली. काका तिच्याहून जास्त सरकले आणि बाकावरून पडता पडता वाचले.

तेवढ्यात तिथल्या सिस्टर बाहेर डोकावल्या. "काका, तुम्ही कसे? आमचा काटा ठणठणीत आहे."

"काट्यासाठी नाही आलो, सिस्टर. नातीसाठी आलोय."

आत गेल्यावर काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. सुनेचं दुखणं, बाळाची किरकिर, न हलणारा आकडा. मग पिशवीतला डबा काढून चोरीचा माल हजर करावा तसा टेबलावर ठेवला.

"डबा लागला तर देऊ की. त्यात लाजायचं काय?" सिस्टर म्हणाल्या. "पण आधी सांगा, लंगोट ओले होतात?"

"होतात म्हणजे? अहो, दोरी पुरत नाही! पिळून पिळून माझी मनगटं..."

"मग आत काही जात नसेल, तर बाहेर कुठून येतंय?"

काका स्वतःच्या मनगटांकडे बघायला लागले.

"दोघींना आत्ताच घेऊन या," सिस्टर म्हणाल्या. "इथेच पाजू दे तिला. मी बघते."

सून यायला तयार होईना. "तिथे चारचौघींत सांगू काय, की मला साधं पाजताही येत नाही?"

"ते मी सांगून आलोय," काका म्हणाले. "तुला नुसतं यायचंय."

सिस्टरांनी आधी बाळाचं वजन केलं, जन्माच्या कार्डावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं, मग पडदा ओढला. काका पडद्याबाहेर बोळाकडे तोंड करून उभे राहिले. कान मात्र आत.

"बाळाकडे वाकू नकोस, पाठ टेक. बाळाला तुझ्याकडे घे. थांब, घाई नाही. तोंड चांगलं मोठं उघडू दे तिला. हं, आता! नुसतं टोक नको, भोवतालचा भागही जाऊ दे तोंडात. हनुवटी टेकली? दुखतंय?"

आतून बाळाचे घुटके ऐकू यायला लागले. काका ते मोजायला लागले.

"नाही," सून म्हणाली. मग एकदम मोठ्याने, "अहो सिस्टर, नाही दुखत!"

बाळाचं पिऊन झाल्यावर काकांना आत बोलावलं. सिस्टरांनी छोट्या काट्यावर पुन्हा वजन करून दाखवलं. आकडा सरकला होता. पण किती? शंभर ग्रॅमसुद्धा नाही.

"एका वेळी एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढं पुष्कळ झालं. आणि आजचंच नाही, जन्मापासून वजन छान वाढलंय. दूध पहिल्यापासून आहे हिला. बाळाची पकड चुकत होती, म्हणून हिला दुखायचं आणि बाळ दमायचं. घरी कुठला काटा आहे तुमच्याकडे?"

काका स्टूल ओढून बसले. सगळा उलगडा झाला आणि कान गरम झाले.

"पोत्यांचा," ते सुनेला म्हणाले. "शंभर ग्रॅमच्या खालचं त्याला कळत नाही. काटा बरोबरच होता गं. मीच चुकलो."

"म्हणजे दूध होतं?"

"होतं."

आणि सून रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं, हुंदके देऊन, मोकळी होऊन रडली. आता ही आपल्यावर चिडणार, चिडली तर बरंच होईल, असं काकांना वाटत होतं. तिने रुमालाने नाक पुसलं.

"बाबा, तो आकडा मला दारातून दिसायचाच नाही," ती म्हणाली. "मी तुमच्या तोंडाकडे बघायचे."

सगळ्या बाजाराची वजनं काकांनी तपासली होती, पण "होईल, होईल" म्हणताना आपला चेहरा कसा दिसतो, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"यापुढे वजन इथेच करायचं," सिस्टर म्हणाल्या. "घरातला काटा आजच्या आज हलवा."

बाळ पुन्हा तोंड शोधायला लागलं. सुनेने शाल पांघरून बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं, सिस्टरांनी सांगितलं तसं, आता कुणाच्या मदतीशिवाय. काका बाहेर जायला उठले.

"बसा हो इथेच, समोर," ती म्हणाली.

"मी काय करू?"

"काही करू नका. फक्त जरा बरं तोंड करून बसा."

काकांनी मनापासून प्रयत्न केला. ओठ हसायला तयार होते, डोळे काही केल्या ऐकेनात. तो अवतार बघून सून खळखळून हसली, आणि तिच्या हसण्याने सगळी शाल हलली तरी बाळाची पकड सुटली नाही.