विनयने जीप उंच केली तेव्हा

या सदरात लोक जे लिहितात ते मी इतकी वर्षं चहाबरोबर वाचत आले आणि पान उलटत आले. कुणाला बाई दिसली, कुणाला पावलं ऐकू आली... बरं, पुढे? माझा धंदा भूल देण्याचा. ऑपरेशननंतर अर्धवट शुद्धीवर आलेल्या माणसांना काय काय दिसतं ते मी रोज ऐकायचे, त्यामुळे ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ या वाक्याचं मला कधीच फार कौतुक वाटलं नाही. आता तेच वाक्य मला लिहायचंय. निवृत्त झाले, वेळ आहे, आणि मनात ठेवून ठेवून कंटाळा आलाय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहायचो. समोर गाडीपुरता ड्राइव्ह, आणि त्यावर उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी. घरात तिघं. मी, माझा नवरा विनय – तो एका कॉम्प्युटर कंपनीत होता – आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणायचे. सासरे गेल्यावर त्या मिरजेहून आमच्याकडे आल्या आणि दोन वर्षांत त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटलची गाडी यायची तेव्हा यायची, म्हणून नेणं-आणणं विनयने अंगावर घेतलं होतं. मी ऑन-कॉल करून घरी यायचे ती सरळ आईंचं पथ्याचं जेवण करायला. तेव्हाची मी आठवते ती फक्त दमलेली आठवते.

आईंचे गुडघे पार गेले होते. माझी छोटी कार त्यांना चालायची नाही, कारण इतक्या खाली एकदा बसल्या की उठता यायचं नाही. विनयची जीप मात्र जमायची. (ती जीप नव्हती, दुसऱ्याच कंपनीची होती, हे विनय दरवेळी सांगायचा. आम्ही दरवेळी जीपच म्हणायचो.) सीटची उंची त्यांच्या बरोबर कमरेला यायची. पाठमोऱ्या टेकायच्या, मग एकेक पाय आत घ्यायच्या.

रविवारी विनय आणि शेजारचा कॉलिन ती जीप घेऊन वेल्समधल्या चिखलाच्या वाटा तुडवायला जायचे. उरलेल्या वेळात विनय तिच्याखाली असायचा. आई आजारी पडल्यापासून तर जास्तच. माणसं देवघरात बसतात, हा गाडीखाली. मी काही बोलायचे नाही. ज्याला जिथे शांत वाटेल तिथे त्याने पडावं.

एका वीकेंडला मी ड्यूटीवर असताना या दोघांनी तिला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, बसवलं. जुन्या स्प्रिंगा बसल्या होत्या, त्या बदलायच्याच होत्या, मग बदलतोच आहोत तर उंच घालू. शॉक ॲब्सॉर्बर लांब. आणि उंची वाढलीच आहे तर टायरही मोठे, चिखलात धरणारे. सोमवारी सकाळी मी घरी आले तर ड्राइव्हवर जीप टाचा उंच करून उभी. विनय ग्रीसने माखलेला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खुशीत.

“आता पोट घासणार नाही कुठे,” तो म्हणाला.

“आणि आई कशा चढणार?”

त्याचा चेहरा पडला. खरंच त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. तो आत गेला आणि पूजेचा पाट घेऊन आला. आई दारात उभ्या होत्या.

“पाटावर चपला घालून पाय देऊ?” त्या म्हणाल्या. “ठेव तो जागेवर.”

मग त्याने दुकानातून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ते डुगडुगायचं. मी त्याला म्हटलं, जुन्या स्प्रिंगा परत घाल. तर त्या कॉलिनने भंगारात देऊन टाकल्या होत्या.

त्या संध्याकाळी आईंनी मला जवळ बसवून घेतलं. आवाज अगदी साधा.

“शुभा, तुला सांगून ठेवते. ज्या दिवशी माझी मी गाडीत चढणार नाही, त्या दिवसापासून हे हॉस्पिटल बंद. मला उचलून न्यायचं नाही. विनयला आत्ता सांगू नकोस, हौसेने केलंय त्याने.”

डायलिसिस बंद म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं आणि मला तर होतंच. आठवडा, फार तर थोडा जास्त. मी ‘बरं’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या खेपेला माझी ड्यूटी होती. दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये माझं अर्धं लक्ष जीपच्या त्या दारापाशी होतं. घरी फोन केला तर आईंनीच उचलला. “जाऊन आले की,” म्हणाल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही गेल्या. विनय म्हणाला, स्टूल कामाला आलं बघ. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि विषय संपला असं समजले.

मग एका सकाळी मी घरी होते. पूर्ण वीकेंड ऑन-कॉल करून आलेली, हे आधीच कबूल करते. खिडकीपाशी कप विसळत होते. बाहेर दंव पडून गोठलं होतं. विनय ड्रायव्हरच्या बाजूने वाकून काच खरवडत होता. आई साडी, कार्डिगन, मोजे अशा अवतारात डावीकडच्या दारापाशी आल्या. स्टूल त्यांनी काठीने बाजूला सारलं. दार उघडलं, दारावर हात ठेवला आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

आणि जीप खाली बसली.

डावी बाजू सावकाश, न हिसकता खाली आली, एखादं वयस्क माणूस जेवायला मांडी घालून बसतं तशी. सीट आईंच्या कमरेला आली. त्या पाठमोऱ्या टेकल्या, पाय आत घेतले, पदर सावरला. जीप परत वर गेली. पलीकडे विनय काच खरवडतच होता. इंजिन बंद होतं.

मी कप ठेवला. टायरमधली हवा? पण गेलेली हवा परत येत नाही. आईंच्या अंगात पाणी साठून वजन वाढायचं, पण ती बाई मुळात मूठभर. आणि खाली आली ती टेकायच्या आधी. शेवटी स्वतःला सांगितलं, झोप झालेली नाही, झोप.

दुपारी त्या परत आल्यावर मी विचारलंच.

“बसते ना ती खाली,” आई म्हणाल्या. मी विचारायला उशीरच केला, असा सूर.

“हॉस्पिटलच्या दारातही?”

“तिथेही. तिथे तर माणसं असतात, पण कोण बघतंय म्हाताऱ्या बाईकडे.” मग म्हणाल्या, “विनयला मात्र सांगू नकोस हं. तो परत तिच्याखाली शिरेल, काहीतरी आवळेल आणि बंद पाडेल.”

कॉलिनला मी आडून विचारलं, अशा स्प्रिंगा मध्येच दबतात का. तो टेप घेऊन आला, चारही चाकांपाशी उंची मोजली आणि म्हणाला, डॉक्टर, एकदम लेव्हल आहे. मी एकटी दारापाशी जाऊन उभी राहिले, तर ढिम्म. पुढच्या खेपेला आईंबरोबर गेले आणि पत्र्यावर तळहात ठेवला. तो पत्रा माझ्या हाताखालून खाली गेला. त्यानंतर मी तपासणं सोडून दिलं. आई जात होत्या, येत होत्या, एवढं मला पुरे होतं.

असा जवळजवळ सगळा हिवाळा गेला. आई मात्र थकत चालल्या होत्या. सुईच्या जागा उरल्या नव्हत्या, चव गेली होती. एकदा म्हणाल्या, “किती दिवस गं हे?” मी डॉक्टरी उत्तर दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

मग तो दिवस. विनय गाडीत बसला होता, मी दारात उभी. आईंनी दारावर हात ठेवला. जीप हलली नाही. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग वळल्या.

“विनय, आज नाही चढवत. आत चल, चहा टाक.”

तो धावत उतरला. स्टूल आणलं. मग म्हणाला, “आई, मी उचलून ठेवतो, एका मिनिटाचं काम आहे.”

“उचलायचं नाही,” आई म्हणाल्या. “आजही नाही आणि परवाही नाही.”

तो माझ्याकडे बघत होता. मी डॉक्टर, मी काहीतरी बोलावं. मी आईंचा हात धरून त्यांना आत आणलं. पलंगावर टेकवल्यावर हळूच विचारलं, आज का नाही बसली?

“मीच नको म्हटलं तिला,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

आठवड्याभरात त्या गेल्या, दुपारी, शांतपणे. माझी नणंद सुषमा इल्फर्डहून येऊन राहिली होती. रडताना ती बोलून गेली, “दादा, तू गाडी उंच केलीस आणि आईचं हॉस्पिटलला जाणं थांबलं.” त्यानंतर तो जेवायला बसायचा आणि ताट तसंच ठेवून उठायचा. मला सगळं माहीत होतं आणि सांगणार काय? तुझी गाडी खाली बसायची, असं? त्याला वाटलं असतं, आता हीसुद्धा गेली कामातून.

क्रिमेटोरियममधून सगळे पांगले. कार पार्कमध्ये आम्ही दोघंच राहिलो. बारीक पाऊस होता. जीपच्या डाव्या बाजूला मी सहसा बसायचे नाही, ती आईंची जागा. विनयने येऊन माझ्यासाठी दार उघडलं, जे त्याने लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. पण त्या क्षणी पाय वर उचलायचा या विचारानेच मला रडू आलं. मी दारावर हात ठेवला आणि नुसती उभी राहिले.

ती खाली बसली. सावकाश, माझ्यासाठी.

मी टेकले. इतकी वर्षं मी सगळ्यांना झोपवत, उठवत, भरवत आले होते. मला कुणी ‘बस’ म्हटल्याचं आठवत नव्हतं.

विनय दार धरून उभा होता. त्याने चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“आईसाठी पण?” त्याने विचारलं.

“प्रत्येक वेळी.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी आईच तिला नको म्हणाल्या.”

त्याने दाराच्या चौकटीवर डोकं टेकलं आणि रडला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. त्या रात्री घरी दोघं वरणभात जेवलो आणि त्याने ताट पुसून खाल्लं.

जीप पुढे विकली. तोवर ती परत कधी बसली नाही. कसं झालं, का झालं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. विनय एवढा इंजिनियर, पण त्यानेही कधी विचारलं नाही.