दूध आटवायची गोळी

कुमुदबाईंची मी सर्वांत जास्त ऋणी आहे. आमच्या तांड्यावरच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं. दिग्रसला आपल्या घरामागची खोली दिली, कॉलेजात नाव घातलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, ती त्यांच्यामुळे. आणि भरल्या बारशात माझ्या हातातून बाळ ओढून घेतलं, तेही त्यांनीच.

त्यांच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याखालून बाळ देता-घेताना "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणतात. पलीकडे मी उभी होते. सुनेनं बाळ माझ्या हाती दिलं. बाईंनी ते हिसकावलं. त्यांच्या मुठीत माझ्या गोळ्यांचं पाकीट होतं. सकाळी पाट घ्यायला माझ्या खोलीत गेल्या, तेव्हा उशीजवळ दिसलं होतं. त्यांच्या भाच्याचं औषधाचं दुकान. त्याला दाखवून आल्या होत्या. तो म्हणाला होता, "आत्या, हे तं दूध आटवायची गोळी आहे. लेकरू दगावलं की बाईले देतेत."

बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं लेकरू कुठं टाकलंस?"

मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "माय वं, गाय व्याली अन् गोठ्याले पत्ता नाही."

हसू पसरलं. घुगऱ्या वाटणं चालूच राहिलं.

भाचा खोटं बोलला नव्हता. बाळंतिणीचं दूध थांबवायलाही ही गोळी देतात. त्याला तेवढंच माहीत होतं. पण माझं लग्न झालेलं नाही. मी कधी गरोदर नव्हते. माझी पाळी कित्येक महिने बंद होती आणि छातीतून दूध येत होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा एमआरआय काढला. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते. माझ्या ग्रंथीत बारीक गाठ आहे. ती प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, जास्त बनवते. शरीराला वाटतं, लेकरू झालं. कॅबरगोलिनची गोळी ते प्रोलॅक्टिन खाली आणते, गाठही आकसवते. आठवड्यातून दोनदा अर्धी, जेवणानंतर. सुरुवातीला मळमळ, उठताना चक्कर. मनानं बंद करायची नाही.

हे सगळं मी बाईंना त्याच संध्याकाळी सांगितलं. फाइल पुढे केली. त्यांनी उघडली नाही.

"तुमच्या तांड्यात चालत असेल. माझ्या घरात लेकुरवाळी आहे. ही गोळी इथं नको."

पाकीट कचऱ्यात गेलं. मी गोळी सोडली. उपकार होते ना. बी.एड.चं शेवटचं वर्ष होतं. खोली गेली असती तर शिक्षण गेलं असतं. काही आठवड्यांनी दूध पुन्हा आलं. कुर्त्याच्या आत फडकं कोंबून मी वर्गात बसायची. डोकं ठणकायचं. बाळाचे कपडे वाळत असले की मला अंगणातून जायची बंदी होती.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे चल, एकदाचा संशय जाईल. मला आनंद झाला. वाटलं, आता कुणीतरी फाइल वाचेल. सांगितलं तशी टेबलावर निजले. पडद्यापलीकडून बाईंचा आवाज आला.

"फाइल राहू द्या. पोर कुमारी आहे की नाही, तेवढं पाहून सांगा."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले. मला विचारलं नाही. एका शब्दानंही नाही.

मी खाली उतरले. सलवारीची नाडी बांधली. म्हणाले, "हात लावायचा नाही."

बाई म्हणाल्या, "म्हणजे खरंच आहे तर."

मी फाइल उचलली. यवतमाळची एसटी धरली. गोळी सोडली म्हणून तिथले डॉक्टर रागावले, नवी चिठ्ठी लिहून दिली. मैत्रिणीच्या खोलीवर उतरले आणि बाईंना पत्र पाठवलं.

कुमुदबाई,

गोळी पुन्हा सुरू केली आहे. सामान न्यायला माझा भाऊ येईल.

तुम्ही मला शिकवलंत, हे मी जन्मभर सांगेन. बारशात काय विचारलंत आणि दवाखान्यात काय तपासायला लावत होतात, तेही त्याच तोंडानं सांगेन. तुमचे उपकार खरे आहेत. त्यांत माझं शरीर येत नाही.

गोळी मी चारचौघांत घेईन. कशाची आहे ते कुणी विचारलं तर समजावून सांगेन. पण मी कशी आहे याचा पुरावा मागितला, तर देणार नाही. तुम्हाला नाही. उद्या मला पाहायला येणाऱ्यांनाही नाही.