मार्तंड मास्तरांच्या माजघरातला उजेड

लातूर, मंगळवार, ता. १२ एप्रिल १९८३.
नळाला पाणी नाही, आज चौथा दिवस. टँकर साडेसातला येऊन गेला, चार घागरी मिळाल्या. विशाखा येऊन नकाशा बघून गेली. चहा घेतला नाही. दुपारी यांनी ब्रश धुऊन, पुसून डब्यात घातले आणि डबा मला फडताळाच्या वरच्या खणात ठेवायला लावला. परवा पाडवा. साखरेच्या गाठी आणायच्या.

सौदामिनीबाईंनी त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना एका सिस्टरनं त्यांना शिकवलं होतं, की रोज लिही, जे घडलं तेवढंच लिही, रडगाणं लिहू नकोस. तो नियम त्यांनी सासरीही सोडला नाही. पण वरचा खण म्हणजे काय, हे त्यांना पुरतं कळलं होतं. ज्या वस्तू आता लागणार नाहीत त्या त्या खणात जात. मामंजींचा चष्मा तिथंच होता.

मार्तंड मास्तरांनी लातुरात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. फळ्याकडे न बघता, वर्गाकडे तोंड करून ते उलट्या हातानं भारताचा नकाशा काढत. काठेवाडाचं टोक आलं की मुलं टाळ्या वाजवत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांची डावी बाजू लुळी पडली. उजवा हात वाचला. ओसरीला तीन पायऱ्या होत्या, म्हणून त्यांची बाज माजघरात टाकली गेली, आणि हिवाळाभर ते तिथंच राहिले. जेवणाचं ताटही तिथंच जाई.

ते माजघर म्हणजे दिवसासुद्धा दिवा लावून वावरायची जागा. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला स्वयंपाकघर. भिंतींना कंबरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, त्याच्या वर चुलीचा धूर. मध्ये वायरला लोंबणारा चाळीसचा बल्ब. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. माजघर म्हटलं की अंधार आलाच.

त्याच वर्षी जिल्हा नवीन झाला होता. मागच्या ऑगस्टात लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं. गावात कचेऱ्या आल्या, साहेब आले, भाड्याच्या खोल्या मिळेनात. पाऊस मात्र आला नाही. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या उन्हाळ्यात लोक एका हातात पेढा आणि दुसऱ्या हातात रिकामी घागर घेऊन उभे होते, असं मास्तरच म्हणायचे.

मार्चमध्ये विशाखा आली. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, मूळची चाकूरची. तिच्या घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच, आणि आता मास्तरांच्याच शाळेत भूगोल शिकवत होती.

"सर, पोरं म्हणतात, बाई, आपला जिल्हा दाखवा," ती म्हणाली. "पुस्तकात तर आपण अजून उस्मानाबादेतच आहोत. भिंतीवर लावायला एक मोठा नकाशा करून द्याल का? कापडावर. जूनमध्ये शाळा उघडताना लावू."

दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, मास्तरांनी दाढी करायला पाणी मागितलं. सौदामिनीबाईंनी पिण्याच्या घागरीतलं दिलं.

तीन आठवडे ते बल्बखाली बसून काम करत होते. पाच तालुके, पाच रंग. लातूर गुलाबी, औसा हिरवा, निलंगा निळा, उदगीर पांढरा ठेवायचा आणि अहमदपूर पिवळा. बाजेवर पाट, पाटावर कापड. सौदामिनीबाईंना ते सगळं नेटकं दिसत होतं.

त्या मंगळवारी विशाखानं नकाशा अंगणात उन्हात नेऊन उलगडला, आणि दोघी त्यावर वाकल्या. अहमदपूरचा पिवळा सीमा ओलांडून दोन-दोन बोटं उदगिरात घुसला होता. एका कोपऱ्यात त्याचे तीन थर चढले होते आणि एक कोपरा कोराच होता. पांढऱ्या कापडावर पिवळी लाळ गळल्यासारखं दिसत होतं.

विशाखा आत जाऊन म्हणाली, "छान झालंय, सर."

मास्तरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मठ्ठ पोराची पाठ थोपटताना एकतीस वर्षं त्यांनी स्वतः हाच आवाज काढला होता. ती गेल्यावर त्यांनी नकाशा अंगणात न्यायला लावला, दारात खुर्ची टाकून तो पाहिला आणि म्हणाले, "हात गेला."

मग ते ब्रश, तो डबा आणि तो वरचा खण.

सौदामिनीबाईंना मात्र दुसरंच काही आठवत होतं. त्यांचे वडील मुदखेड जंक्शनला पार्सल ऑफिसात होते. तिथं फिकट पिवळ्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि पांढऱ्या वेगळ्या लावाव्या लागत. वडील ते काम दिवस मावळल्यावर कधीच करत नसत. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात पिवळा आणि पांढरा भाऊ-भाऊ होतात, असं ते म्हणत. लहानपणी सौदामिनीबाईंनी ते करून पाहिलं होतं आणि दोन्ही गठ्ठे एक करून बोलणीही खाल्ली होती.

"अहो, हात नाही गेला," त्या म्हणाल्या. "उजेड नाही इथं."

"जन्मापासून याच घरात राहतोय मी."

"राहत होता. रंगवत नव्हता."

"घराचं छप्पर फोडून हात येत नसतो," असं म्हणून मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं.

सौदामिनीबाई डाळ निवडत बसल्या. भीती त्यांनाही होती. अंधार आहे तोवर अंधाराला दोष देता येत होता. उद्या खोलीत लख्ख उजेड आला आणि तरीही पिवळा उदगिरात गेला, तर? मग बोलायला काहीच उरणार नाही. पुन्हा कुठला डबा खाली काढायचा नाही. सुपातली डाळ दोनदा निवडून झाली तरी त्यांचा विचार ठरेना. शेवटी त्या उठल्या, फडताळातल्या त्या डब्याकडे बघूनच. तो तिथं राहिलेला त्यांना सोसेना.

पाडवा झाल्यावर त्यांनी नागप्पा गवंड्याला बोलावलं. नागप्पा निलंग्याकडचा. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायचा आणि काम करताना विटेशी सुद्धा बोलायचा.

"खिडकी कुठं पाडू, वैनी? तिन्हीकडं लोकांच्या भिंती," तो म्हणाला. "शेजारच्या विरूपाक्ष शेटजीच्या देवघरात उजेड पाडू का?"

"वरून?"

"वरून होतंय की. पण माळवद हाय. वर हातभर पांढरी माती, खाली फळ्या, फळ्यांखाली तुळया. अंदाजानं खणलं अन् तुळईवर घाव बसला तर मास्तर खाटंसकट आभाळ बघतील."

"पूर्वी झरोका होता इथं," बाजेवरून मास्तर म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच या विषयावर बोलले. "आपल्या लग्नाच्या सुमारास. त्यातून चोर उतरला, म्हणून बापूंनी बुजवला. कुठं होता ते आता कुणाला ठाऊक."

सौदामिनीबाई आत गेल्या आणि ट्रंकेतून १९५१ ची वही घेऊन आल्या. लग्नाचं ते दुसरं वर्ष. त्यांनी वाचलं: "११ ऑक्टोबर. मामंजींनी माजघराचा झरोका फरशी टाकून बुजवला. देव्हाऱ्याच्या भिंतीकडून तिसऱ्या व चौथ्या तुळईच्या मधोमध. चोर सापडला नाही. तांब्याचा हंडा गेला."

नागप्पानं दोन्ही हात जोडले. "वैनी, तुम्ही तलाठी व्हायला पायजे हुतं. गावात एक भांडण राहिलं नसतं."

सोमवारी नागप्पा वर चढला. खाली मास्तरांवर जुनं धोतर पांघरलेलं. माती पडत राहिली. मग दगड सरकल्याचा आवाज आला आणि खोलीत उजेडाचा एक चौकोनी खांब उभा राहिला. त्यात धूळ नाचत होती.

मग सगळं दिसलं. तुळयांना लोंबणारी जाळी, कोनाड्यातली तेलाची पुटं, पत्र्याच्या पेटीमागं हरवलेली कधीची एक चप्पल. तीस वर्षं रोज झाडलेल्या खोलीची ही दशा बघून सौदामिनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघत होते.

"ही साडी हिरवी आहे?" त्यांनी विचारलं.

"मोरपंखी. दिवाळीला घेतलीय."

"मला काळी वाटायची," मास्तर म्हणाले. "म्हटलं, ही आत्तापासूनच काळं का नेसते."

"तुमच्या जिभेला हाड नाही," त्या म्हणाल्या. पण वर माळवदावर नागप्पा हसला तेव्हा त्याही हसल्या.

झरोक्यावर जाड काच बसवायची आणि पाऊस आलाच तर पाणी आत येऊ नये म्हणून भोवती सिमेंटचा कठडा करायचा, असं ठरलं. कठड्याला आठ दिवस पाणी मारायला हवं. प्यायला चार घागरी आणि सिमेंटही तहानलेलं. सौदामिनीबाईंनी तोडगा काढला. मास्तरांना मोठ्या घमेल्यात बसवून आंघोळ घालायची, ते पाणी बादलीत धरायचं आणि शिडीनं वर न्यायचं. शेजारच्या चतुराबाई सकाळी छपरावर वाळवण घालायला चढत. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि गल्लीभर केला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच एक तांब्या घेऊन आल्या. "आमच्या मालकांच्या आंघोळीचं हाय. घाला तुमच्या कठड्याला."

नागप्पा म्हणाला, "साबणाचं पाणी हाय, पण जमतंय. मास्तरांच्या अंगाचा मळ बसला की ह्यो कठडा काही हालत न्हाई."

भिंतींचं काम सौदामिनीबाईंनी आपल्या मनानं ठरवलं. हिरवा रंग खरवडून सगळीकडे पांढरा चुना. वरून आलेला उजेड हिरव्या भिंतीवर पडला की मास्तरांचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसत होता. चुना लागल्यावर उजेड भिंतींवरून उड्या मारत कोपऱ्यापर्यंत गेला. कोनाड्यात विरूपाक्ष शेटजींनी दिलेला जुना आरसा उभा केला, तर स्वयंपाकघराच्या दारातसुद्धा उजळ झालं. मेजाची जागा शोधायला त्यांनी दोन दिवस दर तासाला उन्हाचा चौकोन कुठं सरकतो ते वहीत लिहून ठेवलं. अकराला बाजेच्या पायाशी, बाराला मधोमध, दोनला देव्हाऱ्याकडे. ऊन कधीच पडत नाही पण उजेड सगळ्यात जास्त, अशी जागा निघाली ती नेमकी पूर्वी पोत्यांची थप्पी लावत तिथं. पोती ओसरीवर गेली. मेज तिथं आलं.

आता त्या गल्लीत सगळी स्लॅबची घरं आहेत. एक बटण दाबलं की घर उजळतं. पण काचेतून उतरणारा तो थंड पांढरा उजेड, चुन्याचा वास आणि वर कबुतराची पावलं, हे कुठल्याच बटणात नाही.

दोन मे, सोमवार. विशाखा नवं कापड घेऊन आली. मास्तरांनी डबा मागितला नाही. सौदामिनीबाईंनी तो काढून मेजावर ठेवला आणि त्या पलीकडे जाऊन उगाच मीठ चाळत बसल्या. मग झाकण उघडल्याचा आवाज.

मास्तरांनी पिवळा घेतला. पहिल्यांदा पिवळाच. ब्रश पेन्सिलीनं आखलेल्या सीमेपर्यंत गेला, थांबला, वळला. अहमदपूर भरलं. एक ठिपकासुद्धा उदगिरात गेला नाही. मास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं आणि घशातून "हं" असा आवाज काढला. सौदामिनीबाईंच्या हातातली चाळणी थांबली.

मग त्यांनी बारीक ब्रश घेऊन सीमा काळ्यानं ओढायला घेतली, आणि रेघ थरथरली. पुन्हा ओढली, पुन्हा थरथरली. त्या उजेडात लपण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी ते स्वतःच पाहिलं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी. सौदामिनीबाईंनी मिठाकडे मान खाली घातली.

"थोडा गेलाय," मास्तर म्हणाले. कापड मोजून देणाऱ्या दुकानदारानं म्हणावं तसं. "रंगाचा हात आहे. रेघेचा गेलाय."

त्यांनी बारीक ब्रश पुसून पुढे धरला.

"विशाखा, ये इकडे. रेघ तू ओढायची. रंग मी भरतो."

"सर, माझी रेघ तर तुम्ही दरवेळी पुसायला लावायचात!"

"आताही लावीन. बस. ब्रश असा काय धरलास, उलथनं आहे का ते? हां. आता दम सोडत सोडत ओढ. मी उस्मानाबाद जिल्ह्यात जन्मलो. लातूरची हद्द तुम्ही पोरांनीच आखायची."

दुपारभर दोघं तसे बसले. विशाखा रेघ ओढायची, मास्तर ओरडायचे, ती ओल्या फडक्यानं पुसायची, पुन्हा ओढायची, आणि मग मास्तर तिच्या रेघेच्या आत रंग भरायचे. चार वाजता तिनं आपणहून चहा मागितला. जाताना ती म्हणाली, "उद्या निलंगा, सर," आणि मास्तर म्हणाले, "अकराच्या आत ये. नंतर तुझ्या डोळ्यांवर चमकतं."

ती गेल्यावर मास्तर भिंतीला हात लावत, पाय ओढत एकटेच उठले. सौदामिनीबाई धावल्या नाहीत. त्यांनी फक्त तवा जरा पलीकडे सरकवला आणि पाट मांडला.

रात्री त्यांनी वहीत लिहिलं:

भाकरी पाच केल्या, यांनी तीन खाल्ल्या, स्वयंपाकघरात बसून. कारळाची चटणी संपली, उद्या कुटायची.