बिनघुंगरांचा नाच

मनकर्णानं चौसाळ्याच्या आमच्या दूध संस्थेत सव्वीस वर्षं कॅन धुतले. मी तिथला सेक्रेटरी. माझा आरडाओरडा सगळेच निमूट ऐकायचे, उलट उत्तर देणारी ती एकटी. कॅन घासताना तिचे पाय सारखे ताल धरायचे आणि पाणी माझ्या धोतरावर उडायचं. मी ओरडलो की म्हणायची, वाळतंय ते, आणि पाय चालूच.

ते पाय कुठले, हे मला फार उशिरा कळलं. तिचे वडील छप्पनला बौद्ध झाले आणि तमाशा सोडून त्यांनी आंबेडकरी जलशाचं पथक काढलं. गाण्यांवर त्यांच्या दोन्ही मुली जोडीनं नाचायच्या, थोरली दगडाबाई आणि ही. वडिलांची अट एकच होती, पायांत घुंगरू बांधायचे नाहीत. घुंगरू तमाशासोबत गेले, म्हणायचे. मग लाकडी फळ्या टाकून पोरी अनवाणी नाचायच्या, जो काय आवाज तो तळव्यांचा. बहात्तरच्या दुष्काळात दोघींनी दिवसभर खडी फोडली आणि संध्याकाळी खडीवरच्या त्याच माणसांपुढं नाच केला. पुढं लग्नं झाली. दगडाबाई चकलांब्याला गेली, ही इथं आली, आणि नाच संपला.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडं. नेमकं तेव्हाच आमचा मित्र धर्मराज, शाळेतला चित्रकलेचा मास्तर, याच्या डोक्यात आलं की शनिवार-रविवार संस्थेच्या शेडमध्ये आपली चित्रं लावावीत आणि बीड-मांजरसुंब्याचे मित्र बोलवावेत. दुष्काळात हा तेरावा महिना कशाला, असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा घरी आली. सव्वीस वर्षांत तिनं माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं. दगडाबाईचे डोळे काचबिंदूनं गेले होते, आणि बहिणीचा नाच एकदा ऐकायचाय, असा तिनं हट्ट धरला होता. अंगणातल्या फुफाट्यात पाय वाजत नाहीत. ऐसपैस शहाबादी फरशी गावात एकाच जागी, आमच्या शेडमध्ये.

घुंगरू बांध की, मी म्हणालो.

"दादाला शबुद देल्ता आमी," ती वडिलांबद्दल म्हणाली. "त्यो मोडायचा न्हाई."

मी किल्ली दिली. शेड उघडणारच होती, मग धर्मराजलाही चित्रं लाव म्हणालो. वर चार नियमही सांगितले, माझी खोड जाते कुठं.

शनिवारी धर्मराजनं भिंतीवर बारा म्हशी टांगल्या. गावात एक उरली नव्हती, भिंतीवर गोठा भरला. पंधरा-वीस मित्र जमले. पिठलं-भाकरी झाली, चहावर चहा झाला, चित्रांपेक्षा एकमेकांची टिंगलच जास्त झाली. खोटं कशाला सांगू, त्या सालात मी पहिल्यांदा पोटभर हसलो.

रविवारी दुपारी दगडाबाई जीपमधून आली. खुर्चीत बसली, चपला काढून पाय फरशीवर टेकवले. गावातला ढोलकीवाला तयारीत होता, त्याला तिनं गप्प बसवलं.

मनकर्णा उभी राहिली आणि तिचे पाय वाजू लागले. साठीची बाई, पण फरशी बोलत होती. आठ ठेके टाकून ती थांबली. बराच वेळ गेला. पुन्हा आठ, पुन्हा थांबली. माणसं एकमेकांकडं बघू लागली. बाई विसरली, धर्मराज माझ्या कानाशी पुटपुटला. मला वाटलं, दम लागला. हिला या वयात नाचू दिलं म्हणून मी स्वतःवरच चिडलो. ती तिसऱ्यांदा थांबली, तसा स्टूल उचलून तिच्याकडं निघालो.

तिनं हातानंच मला अडवलं.

"बसा, सेक्रेटरी. आता आक्काची पाळी हाय."

दगडाबाई मान खाली घालून बसली होती. तिनं उजवा पाय जरासा उचलला आणि फरशीवर आपटला. मग डावा. अडखळत, मोजत तिनं बसल्या जागी आठ ठेके पुरे केले. मनकर्णानं पुढचे आठ घेतले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही वाहत होतं, लपवायचं कशाला. मग एकीचे पाय थांबले की दुसरीचे सुरू, मध्ये श्वासाइतकीही जागा उरेना.

"मने, जरा सावकाश," दगडाबाई म्हणाली. "मी मागं पडायले."

मनकर्णानं वेग कमी केला.