न सांगता दिलेली पेज

सोमाला येशू भेटला तो दिंडोरीच्या द्राक्षबागेत. दिवाळी सरली की पेठकडच्या डोंगरातली माणसं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन बागांना उतरतात, तसा तोही उतरला होता. अंबडच्या कारखान्यातला भारत नावाचा कामगार दर रविवारी मजुरांच्या खोपटांवर यायचा, पोत्यावर मांडी घालून येशूच्या गोष्टी सांगायचा. सोमा तेव्हा दारूत पार बुडालेला. त्या गोष्टींनी त्याला काठाला ओढून काढलं. शिमग्याला तो घरी परतला तेव्हा पाड्यावरची कुत्री त्याच्यावर भुंकली. शुद्धीत सरळ चालणारा सोमा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

ज्या माणसाला बुडताना हात मिळाला, तो गप्प कसा बसेल? भेटेल त्याला तो सांगू लागला. विहिरीवर सांगे, बाजाराच्या वाटेवर सांगे. माणसं हसत, नाहीतर वाट बदलत. ऐकणारं माणूस एकच, शेजारची साळूबाई. सोमाची आई तो रांगत असतानाच गेली. साळूबाईनं आपल्या लहानूबरोबर त्यालाही वाढवलं. सोमा तिला काकी म्हणायचा.

रोज संध्याकाळी तो तिच्या अंगणात जाऊन बसे. ती नागली पाखडायची, तो गोष्ट सांगायचा. एकदा त्यानं हरवलेल्या मेंढरामागं गेलेल्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली.

"येडाच हाय तुझा मेंढपाळ," साळूबाई म्हणाली. "बाकीची मेंढरं लांडग्यानं नेली म्हंजे?"

"आई, हा तुला एक दिवस पाण्यात बुडवून बाटवणार," लहानू आतून ओरडला.

"बुडवू दे. नदीला पाणी कुठं हाय?"

ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी विचारायची, "मग, सापडलं का रे ते मेंढरू?" सोमाला तेवढं पुरे होतं.

साळूबाईच्या घरात खुंटीवर एक सूप टांगलेलं असे. ते रोजच्या कामाचं नव्हतं. डोंगरातल्या माणसाची आई म्हणजे कणसरी, धान्याची देवी. तिच्यापुढं नवा दाणा ठेवल्याशिवाय तो कुणी तोंडात घालत नाही. शेतात पीक उभं असो, घरात पोट खपाटीला गेलेलं असो, गाव बसून दिवस ठरवतं तेव्हाच नवं खायचं. आणि त्या दिवशी देवीपुढं पहिला दाणा पडायचा तो साळूबाईच्या सुपातून. तिच्या सासूनं ते सूप तिच्या हाती दिलं होतं.

सोमानं बाप्तिस्मा घेतल्यापासून हे सारं सोडलं होतं. त्याचा हळवा भात सगळ्यांच्या आधी पिकायचा, आणि पिकला की तो खायचा.

दोन हजार दोनच्या पावसाळ्याअखेरीस साळूबाई तापानं पडली. लहानू नाशिकला बांधकामावर गेलेला. घरातली कणगी रिकामी. सोमानं आपला नवा भात कांडला, पातळ पेज केली, तिचं डोकं मांडीवर घेऊन वाटीनं पाजली. तापानं तिच्या तोंडाला चव नव्हती, नाकाला वास नव्हता. रेशनचा तांदूळ असेल, असं तिला वाटलं. चारदोन दिवसांत ती उठून बसली.

पेज नव्या भाताची होती, हे सोमानं तिला सांगितलं नाही.

नव्याचा दिवस ठरवायला गाव जमलं. गावचा भगत मल्हारी बोलत होता. बायकांमध्ये साळूबाई ते सूप मांडीवर घेऊन बसली होती. सोमा कडेला उभा होता. न राहवून तो पुढं झाला.

"काकी कशानं उठली, ठाऊक हाय का? माझ्या नव्या भाताच्या पेजेनं! कुठं कोपली तुमची कणसरी? माझ्या येशूनं राखली तिला!"

साळूबाईनं सूप मांडीवरून काढून हळूच जमिनीवर ठेवलं.

"मला सांगितलं का नाय रे?"

"काकी, तू तापात होतीस."

"तापात होते. मेले नव्हते."

दिवस ठरायच्या आधी नवं खाल्लेल्या बाईला तो मान राहत नाही. त्या वर्षी पहिला दाणा गावातल्या भागीबाईनं वाहिला. सूप तिच्या घरी गेलं. साळूबाई संध्याकाळची अंगणात बसेनाशी झाली. सोमा येताना दिसला की आत जायची.

हंगामाला दिंडोरीला गेल्यावर सोमानं सगळं भारतला सांगितलं. भारत म्हणाला, "सोमा, तू साक्ष दिलीस. खरं बोललास. त्रास तर होणारच."

"खरं बोललो, भारतभाऊ. पण ती जेवल्यावर बोललो."



पुढच्या वर्षी सोमाचा हळवा भात पुन्हा आधी पिकला. त्यानं कापला, झोडपला, आणि कणगीला झाकण घातलं. त्याची बायको वत्सलाबाई कावली.

"घरात भात हाय नि पोरं कंद उकडून खातात! आता तूबी कणसरीला भ्यायला लागलास का?"

"कणसरीला नाय. काकीला."

तो शेजारी गेला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "काकी, हळवा आला. कापलाय. खाल्ला नाय." आत चुलीत काटकी मोडल्याचा आवाज झाला, बाकी काही नाही.

नव्याच्या दिवशी सोमा घरीच थांबला. दिवस कलताना साळूबाई स्वतः त्याच्या दारात आली. मागं लहानू. तिच्या हातात पळसाच्या पानावर पांढरा वाफाळता भात.

"सोम्या, हा कणसरीपुढचा हाय. सांगून देते."

वत्सलाबाई दाराशी आली. वर्षानं काकी दारी आली होती. दोन घास खाल्ले असते तर सगळं मिटलं असतं. भातावरची वाफ सोमाच्या तोंडावर येत होती.

"काकी, जन्मभर तुझ्या हातचं खाल्लं. पण हे मला नाय खाता यायचं."

"बघ!" लहानू उसळला. "मी सांगत नव्हतो?"

"तू गप." साळूबाईनं पान दुमडून लहानूच्या हाती दिलं. सोमाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असं सांगून द्यायचं असतं, पोरा. नाय म्हणायला जागा ठेवायची असते. ती तू मला ठेवली नाय."

ती वळली, चार पावलं गेली आणि थांबली.

"उडदाची डाळ नि नागलीची भाकर हाय घरी. ती कुणापुढंबी ठेवलेली नाय. येतो का?"

तो गेला. भिंतीला टेकून जेवला. तिनं मेंढराचं विचारलं नाही, त्यानंही गोष्ट काढली नाही. भाकरी मोडताना त्याची नजर पुन्हा पुन्हा समोरच्या भिंतीकडं जात होती. तिथली खुंटी रिकामी होती. सूप भागीबाईकडंच राहिलं होतं.