साठ श्रवणयंत्रं आणि पाच तरुण सभासद

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत माझं पॉवर प्रेसचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं त्या धडधडाटात उभा राहिलो आणि कान गेले. पार गेले नाहीत. समोरचा बोलला की कळायचं, मागून कुणी बोललं की नुसती फुसफुस. बायको चिडायची, मी टाळायचो. शेवटी माझ्या मुलीनं धरून एका क्लिनिकमध्ये नेलं.

तिथं कान तपासणारी मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. कन्नड तालुक्यातल्या गावची, शिकून इकडं आलेली. तिनं मला बंद खोलीत बसवून तासभर तपासलं, यंत्र बसवलं आणि बजावलं, "काका, पहिल्या दिवशी दोनच तास घाला. एकदम सगळं ऐकू आलं की माणूस घाबरतं. आणि चार-पाच वेळा परत यायचं. कान बघून यंत्राचा आवाज लावावा लागतो, नुसतं कानात कोंबून चालत नाही."

मला ती आवडली. त्याच सुमारास आमच्या सेवाभावी क्लबात तरुण सभासदांचा विषय पेटला होता. मी तिथं बावीस वर्षं होतो, एकदा अध्यक्षही झालो होतो. जालना रोडवरच्या एका हॉटेलात आमच्या बैठका व्हायच्या. निम्म्या लोकांचे गुडघे बदललेले, उरलेल्यांच्या बायपास झालेल्या. वरच्या पदाधिकाऱ्यांनी झापलं होतं की चाळिशीच्या आतले सभासद आणा, नाहीतर क्लब बंद पडेल. ते काम माझ्याकडं आलं.

मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काय करता तुम्ही क्लबात?"

मी झाडं, ब्लँकेटं, डोळ्यांची शिबिरं सांगितली.

"कानाचं शिबिर घ्याल? आमच्याकडची म्हातारी माणसं कानानं लई बेजार आहेत. घरातले ओरडून ओरडून थकतात, मग बोलायचंच सोडून देतात."

"घेऊ की," मी म्हणालो. तेवढ्या शब्दावर ती आली. येताना चार मित्रमैत्रिणींना घेऊन आली.

पहिल्या बैठकीत पाचही जणांना गुलाब आणि क्लबाची जॅकेटं दिली, टाळ्या झाल्या. जेवताना आमचे एक ज्येष्ठ सभासद तिच्याशेजारी बसले. मी समोरच होतो. त्यांनी आडनाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "गावात घर कुठंशी?"

या प्रश्नाचा अर्थ तिलाही कळला, मलाही कळला. तिनं घास खाली ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बुद्धविहाराच्या मागं."

"वा वा," ते म्हणाले आणि पापड मोडायला लागले.

जेवण झाल्यावर मी हात धुऊन उभा होतो. माझ्या पाठीमागं ते आणि आणखी एक जण बोलत होते. दोघांनाही माझे कान गेल्याचं माहीत होतं, नवं यंत्र मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

"तरुण आणा म्हटलं होतं, याला हीच सापडली?"

"असू दे ना. आकडा भरतोय. नंतर बघू."

आणि दोघं हसले. या दोघांबरोबर मी सहकुटुंब सहली केल्या आहेत. एकाच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं आहे. पण मी वळलो नाही. रुमालानं हात पुसत राहिलो, जणू काही ऐकलंच नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही काय म्हणालात?" मी यंत्र काढून डबीत ठेवलं. तिनं पुढं विचारलं नाही, ते मला जास्त लागलं.

शिबिर ठरलं. एका कंपनीनं साठ यंत्रं दिली. त्या कान तपासणाऱ्या मुलीचं म्हणणं होतं की आधी प्रत्येकाचा कान तपासायचा आणि त्याप्रमाणं त्याचं यंत्र लावून ठेवायचं. क्लबाला एवढा वेळ नव्हता, कारण प्रमुख पाहुण्यांची तारीख आधीच मिळाली होती. तेव्हा ती आणि तिचे चौघे सोबती आपले तीन रविवार घालून कन्नडजवळच्या एका शाळेत बसले. साठ म्हातारी माणसं तपासली. प्रत्येक यंत्र त्या त्या माणसाच्या कानाप्रमाणं लावलं, डबीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. हे काम मी एक दिवस जाऊन पाहिलं. आमच्या क्लबात असं काम मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव, खुर्च्या, पाहुण्यांसाठी सोफे. लोकांना दहाला बोलावलं होतं, पाहुणे साडेबाराला आले. टेबलावर साठ डब्या मांडल्या होत्या. सगळ्यांचं झाकण आणि बूड वेगवेगळं सोनेरी कागदानं मढवलेलं, वर क्लबाचं बोधचिन्ह.

मुलगी धावतच माझ्याकडं आली. "काका, कागदाखाली नावं झाकली गेली! कुणाचं कुठलं, काही कळत नाही आता!"

मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "फोटोत त्या चिठ्ठ्या घाण दिसत होत्या हो. यंत्र यंत्रच असतं, त्यात काय एवढं?"

"कागद फाडू या," मी म्हणालो.

"पाहुणे स्टेजवर बसलेत!"

आणि वाटप सुरू झालं. म्हातारी माणसं एकेक करून वर जात होती. पाहुणे डबी हातात देत, फोटो होई, खाली आमचे सभासद स्वतःच्या हातानं यंत्र कानात बसवून देत. मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर होते आणि त्यांवर सत्काराची गाणी लावलेली. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि त्या ओरडल्या. कानातलं ओढून काढायला गेल्या तर फोटोवाला म्हणाला, "आजी, एकच मिनिट, राहू द्या."

मुलगी स्टेजजवळ गेली. "सर, स्पीकर बंद करा. त्यांच्या कानात हे दहापट मोठं वाजतंय."

अध्यक्ष माइक हातानं झाकून म्हणाले, "अगं, कार्यक्रम आहे, मयत नाही."

हे वाक्य मी स्पष्ट ऐकलं. तेव्हा मात्र मी उठलो, मांडवामागं गेलो आणि स्पीकरची वायर उपसली. पाहुण्यांचं भाषण तसंच, माइकाशिवाय झालं. लोकांना वाटलं लाइट गेली. मी पुढं येऊन काही बोललो नाही. एवढीच माझी बहादुरी.

नंतर आमची मंडळी जेवायला बसली. ती पाच जणं मांडवात सतरंजीवर बसून कागद फाडत होती, चिठ्ठ्या वाचत होती, यंत्रं अदलाबदल करत होती. पण बरीच माणसं तोपर्यंत जीप धरून गावाकडं निघून गेली होती.

पुढच्या बैठकीत तिनं उभं राहून सांगितलं की गावोगाव जाऊन यंत्रं तपासायला हवीत, आणि यंत्रातले सेल आठ-दहा दिवसांत संपतात, ते खेड्यात मिळत नाहीत.

"दिली ना आपण? आता ती त्यांची," सचिव म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यात पदग्रहण आहे. तुम्ही तरुण मंडळी एखादा डान्स बसवा. रील पण करा छानसं. त्यासाठीच तर तुम्हाला घेतलंय."

ती खाली बसली. त्या रात्री तिचा मेसेज आला की रविवारी आम्ही कन्नडला चाललोय, तुम्ही गाडी आणाल का. मी आणली.

ज्या घरी गेलो तिथं बहुतेक यंत्र नुसतं पडून. एका घरी डबी देव्हाऱ्यात ठेवलेली, सोनेरी कागदासकट, वर हळदीकुंकू वाहिलेलं. एके ठिकाणी यंत्र धान्याच्या डब्यात. एक आजोबा ओट्यावर यंत्र घालूनच बसले होते. मुलीनं पाहिलं तर सेल कधीचाच संपलेला.

तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "बाबा, ऐकू येत नाय, मग घातलं कामून?"

"तुमी फोटू काढाया यीताल म्हनून," आजोबा म्हणाले. "नाय घातलं तर परत नेताल."

मी गाडीकडं निघून गेलो. या माणसाला आम्ही ऐकू येईल असं काहीच दिलं नव्हतं, दिली होती ती भीती. मागच्या बावीस वर्षांत आणखी कुठं काय काय दिलं असेल, ते मी कधी बघायलाच गेलो नव्हतो. माझ्या दिवाणखान्यात अध्यक्षपदाच्या वर्षाचे सतरा फोटो लावलेले आहेत. त्या फोटोंतल्या एकाही माणसाचं नाव मला आठवेना.

परत आलो तेव्हा तिनं सेल घातला होता आणि यंत्र लावून झालं होतं. आतून सून कुणावर तरी ओरडत होती. आजोबा जरा वेळ कान देऊन राहिले, मग म्हणाले, "ही लईच बोलती की!" सून दारात येऊन उभी राहिली, लाजून हसली. त्या दिवशी आम्ही अकरा घरं केली.

मी बैठकीत हे सगळं सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "फोटो काढले का?"

"नाही."

"मग अहवालात टाकता येणार नाही."

पाचही तरुणांनी राजीनामे पाठवले, जॅकेटंही परत केली. त्यांच्यामागोमाग मीही पाठवला. आठवड्यानं सचिवांचा फोन आला. आवाज अगदी गोड. "अहो, तुमचे सगळ्यांचे राजीनामे सध्या बाजूला ठेवलेत. वर्ष संपेपर्यंत नावं यादीत राहू द्या. तरुण सभासद वाढवल्याबद्दल आपल्याला बक्षीस मिळतंय, शिबिरालाही मिळतंय. तुमच्यामुळंच मिळतंय, म्हणून बक्षीस घ्यायला स्टेजवर तुम्हीच या."

"आणि ती पाच जणं?"

"ती नाही आली तरी चालेल. आपल्या एकाच्या ऑफिसातली पोरं आहेत, त्यांना जॅकेटं घालून उभी करू."

मी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा दोनदा केला, मी उचलला नाही. समारंभाला गेलो नाही. नंतर कुणीतरी फोटो पाठवले. चार अनोळखी पोरं आणि एक पोरगी, अंगावर आमची जॅकेटं, हातात चषक. पहिल्या रांगेत ते पापडवाले ज्येष्ठ सभासद टाळ्या वाजवताहेत.

मी ते फोटो तिला दाखवले नाहीत. तिला कुठूनतरी मिळाले असावेत, कारण पुढच्या खेपेला गाडीत बसताना तिनं आपण होऊन विषय काढला. "काका, त्या पोरीला माझं जॅकेट ढगळ होत होतं," एवढंच म्हणाली आणि त्या दिवशीच्या घरांची यादी उघडली.

आता महिन्यातले दोन रविवार आम्ही जातो. साठातली चौदा माणसं अजून सापडायची आहेत.